गाव सोडलेल्यांचं आडनाव

बाबा,

वही सापडली, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. खरं म्हणजे ती कधी हरवलीच नव्हती. तुम्ही गेलात त्या आठवड्यात तुमच्या पत्र्याच्या पेटीत, खाकी कोटाच्या घडीखाली ती मला मिळाली आणि तेव्हापासून माझ्या कपाटात साड्यांच्या तळाशी आहे. तीस वर्षं होत आली. मध्ये दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा ती मी सामानाच्या गाडीत टाकली नाही, पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसले. हे पत्र आज चौथ्यांदा सुरू करते आहे. दोन ओळी लिहिते, उठते, गॅस बंद आहे का बघते, पुन्हा बसते. तुमचे जावई पेपराच्या आडून विचारतात, "काय शोधून राह्यली?" मी म्हणते, चष्मा. चष्मा डोळ्यांवरच असतो.

तुम्हाला सांगायला हवं की आता फोनवर आपल्या आडनावाच्या माणसांचा एक गट आहे. गट म्हणजे काय ते समजावत बसत नाही. तुमच्या बसमध्ये सगळे आपल्याच आडनावाचे प्रवासी भरलेत आणि एकही उतरायला तयार नाही, असं समजा. पुण्याला नोकरीला असलेला केनवडचा एक पुतण्या तो गट चालवतो. येत्या रविवारी वाशीमला मेळावा आहे आणि त्यात एक पुस्तिका निघणार आहे: आपलं आडनाव आलं कुठून, कोणत्या गावात किती घरं आहेत. हे सगळं पन्नास वर्षांपूर्वी एका कंडक्टरने वहीत लिहून ठेवलंय, असं त्याला कोणीतरी सांगितलं. आता रोज फोन येतो. "काकू, वही कदी देता? छापायले टाकायची हाय." देते म्हणते आणि ठेवते. वहीच्या शेवटच्या पानावर जे आहे ते छापलं, तर सगळ्यांना कळेल की ज्याच्याबद्दल आपल्या आसेगावात अजून सांगतात की हा माणूस जन्मात खोटं बोलला नाही, तो एकदा बोलला होता. माझ्यासाठी बोलला होता. आणि पान लपवलं तर तुमची इतक्या वर्षांची मेहनत अर्धवट छापली जाईल. या दोहोंत मी पंधरा दिवस हेलपाटे घालते आहे.

आपलं आडनाव मी इथे लिहीत नाही. लहानपणी मला त्याचा रागच यायचा. वर्गात एकेका आडनावाच्या चार-चार मुली असायच्या. माझं सांगितलं की मास्तर दोनदा विचारायचे आणि मग म्हणायचे, "हे कोणतं गाव म्हणायचं?" शेवटी 'कर' आहे म्हणजे त्या नावाचं गाव असणारच. पण ते कोणालाच माहीत नव्हतं, तुम्हालाही नाही. आणि तुम्हाला एखादं गाव माहीत नसावं ही साधी गोष्ट नव्हती. कारंजा ते मंगरूळपीर, मंगरूळपीर ते वाशीम, वाशीम ते रिसोड, प्रत्येक फाटा तुमच्या तोंडात होता. बस कशी वळली यावरून तुम्ही झोपेतही गाव सांगायचात, असं आई म्हणायची. तरी आपल्या आडनावाचं गाव कुठल्याच फाट्यावर उतरत नव्हतं.

म्हणून तुम्ही विचारायचात. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलेली आहे, दहा-अकरा वर्षांची, आणि तुम्ही पंच वाजवत मागून पुढे येता आहात. तिकीट फाडता, गावाचं नाव ऐकता आणि लगेच, "तुमच्या गावात आमच्या आडनावाचं घर हाय का?" माणूस डोकं खाजवतो. "नाई बा, असं आडनावच आयकलं नाई." एक बाई टोपली मांडीवर घेऊन बसलेली असते, ती म्हणते, "काहून? पोरीले पोरगा पाहून राह्यले का?" सगळी बस हसते आणि मी खिडकीबाहेर बघते. तुम्ही म्हणता, "पोरगी लहान हाय अजून, बाई. मी आमचंच घर पाहून राह्यलो." कुणी हो म्हणालं तर तुम्ही कानामागची पेन्सिल काढता आणि गचके खात वहीत लिहिता. त्यामुळे त्या वहीतलं एकही अक्षर सरळ नाही. आसेगाव, चार घरं, ती आपलीच. केनवड, दोन. वाशीमच्या अलीकडच्या एका गावात एक घर, त्यात एकटी म्हातारी. पुढे तिच्या नावासमोर फुली आहे.

कारंज्याच्या बाजारपेठेतही एक घर निघालं होतं, आठवतं? पाटीवर आपलं आडनाव बघून तुम्ही कोटाची बटणं लावून दुकानात गेलात. दुकानदारही खूश झाला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मग त्याने विचारलं, तुम्ही कोणाकडचे, आणि तुम्ही छप्पन सालची दीक्षा सांगितलीत. त्याचं पुढचं बोलणं एकदम आवरतं झालं. चहा आला, पण तो घेताना तो आत काहीतरी शोधायला गेला आणि आपण निघेपर्यंत बाहेर आला नाही. वहीत तुम्ही एवढंच लिहिलंत: "कारंजा, एक. आपलं नाही. पण गाव तेच." तेव्हा मला या ओळीचा अर्थ लागला नव्हता. एकच आडनाव दोन वेगळ्या जातींत असू शकतं, म्हणजे ते रक्तातून आलेलं नाही, ही गोष्ट तुम्ही तिथेच टिपून ठेवली होती.

तुमच्या खरेपणाची जी गोष्ट सांगतात तीही बसमधलीच. मोठेबाबा आसेगावच्या फाट्यावर चढले, तुमचे थोरले भाऊ. तुमचे वडील गेल्यावर लोकांच्या वावरात राबून त्यांनी तुम्हाला शिकवलं होतं. ते ऐटीत पुढच्या सीटवर बसले आणि तुम्ही समोर जाऊन म्हणालात, "भाऊ, तिकीट." त्यांना वाटलं थट्टा करता आहात. तुम्ही हललाच नाहीत. त्यांनी तिकीट काढलं आणि मंगरूळपीर येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाहीत. पण उतरल्यावर तेच पहिल्यांदा ज्याला-त्याला सांगत सुटले: माह्या भावानं मले सोडलं नाई, तुमाले काय सोडते. त्या दिवसापासून तुमचा शब्द म्हणजे आपल्या चारही घरांत शिक्का झाला. हे सगळं मी का उगाळते आहे ते तुम्हाला कळत असेल.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मला मंगरूळपीर तालुक्यात शाळा मिळाली होती आणि सुट्टीत वाशीमला शिक्षकांचं शिबिर होतं. हजेरी घेताना माझं आडनाव आलं आणि पाठोपाठ तेच आडनाव पुन्हा आलं. हजेरी घेणाऱ्याने चष्मा वर केला. "भाऊ-बहीण का?" "नाही," असं मी आणि मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा एकदम म्हणालो, आणि जरा जास्तच जोरात म्हणालो. तो केनवडचा. कारंज्याचा तो दुकानदार सोडला तर एवढ्या वर्षांत मी घराबाहेर आपलं आडनाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या तोंडून ते मला पहिल्यांदा बरं वाटलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. सहा महिने मी ते मनात ठेवलं आणि मग तुमच्या सुट्टीच्या दिवशी, स्वयंपाकघरात, सांगून टाकलं.

मुक्कामी गाड्यांवर स्टोव्ह पेटवून स्वतःचं करून खायची सवय, त्यामुळे सुट्टीला भाकरी तुम्ही थापायचात. आईपेक्षा पातळ, आणि आईला त्याचा राग यायचा. मुलगा शिकलेला, नोकरीला, आपल्याच धम्मातला, इथपर्यंत तुमचा हात परातीत छान फिरत होता. आडनाव सांगितलं आणि थांबला.

"मंग थो तुहा भाऊ लागते," तुम्ही म्हणालात.

"कोनं सांगतलं? आपण कुठचे हेच तुमाले मालूम नाई, मंग थो भाऊ कसा?"

आई म्हणाली, "पोरी, हळू बोल. शेजारचे आयकते."

पण मी हळू बोलणाऱ्यांतली नव्हते. "छप्पन साली तुमी घरातले देव इहिरीत टाकले. आजीनं रडून पाय धरले, तरी टाकले. मंग हे कुळ अन् भावकी कायले सांभाळून ठेवली? हेबी टाकायचं होतं त्याच इहिरीत."

 तव्यावरची भाकरी करपली, तुमच्या हातची करपलेली ती पहिली आणि शेवटची. मग हात धुऊन तुम्ही म्हणालात, "मोठेबाबा भावकीतल्या लग्नाले येणार नाई. थो नाई आला तं मी त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू? मी पाहून घेतो. पुरावा भेटला तं नाई म्हणीन. नाई भेटला तं हो म्हणीन. तवरक दोघं भेटू नका." इतका सरळ हिशेब मला अन्यायाचा वाटला. आपला बाप आपल्या लग्नाविरुद्ध पुरावा शोधायला निघाला आहे, असंच मला वाटत राहिलं. वर्षभर मी तुमच्याशी धड बोलले नाही. बसमध्ये बसले तर मागच्या दाराजवळ बसायचे, म्हणजे तुमचा प्रश्न कानावर यायला नको.

त्या वर्षात तुम्ही वेड्यासारखे शोधत होता आणि चुकीच्या जागी शोधत होता. ही चूक फक्त कंडक्टरच करू शकतो. तुम्ही गाव शोधत होता बसच्या भाड्याच्या तक्त्यावर. कुठल्या डेपोच्या तक्त्यावर त्या नावाचा थांबा आहे का, हे तुम्ही अकोला, यवतमाळ, परभणीच्या कंडक्टरांना विचारत होता. तुमच्या लेखी जिथे बस थांबते ते गाव. शेवटी एक पटवारी तुमच्या गाडीत बसला, मांडीवर कागदांचं बोचकं घेऊन. तुम्ही सवयीने विचारलंत. तो म्हणाला, "आडनावाचं घर नाई मालूम, पण त्या नावाचं गाव हाय ना. सातबाऱ्यावर हाय, बसच्या पाटीवर नाई. रीठ हाय थो." रीठ, म्हणजे ज्या गावाची माणसं उठून गेली आणि ज्याचं नाव तेवढं सरकारी कागदावर उरलं. रोज तुमची बस त्याच्यापासून दोन कोसांवरून जात होती. त्या दिवशी तुम्ही एका प्रवाशाला तिकीट द्यायचं विसरलात, असं ड्रायव्हरने आईला सांगितलं.

पुढच्या सुट्टीला तुम्ही पायी तिकडे गेलात आणि दिवस मावळायच्या आत परत आलात, गुडघ्यापर्यंत पांढरे होऊन. रुमालात मातीचं ढेकूळ बांधून आणलं होतंत. तिथे काही नाही म्हणालात. पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड, त्यावर बिनछपराचा मारुती, एक बुजलेली विहीर, कडेने निंबाची झाडं. आजूबाजूची माणसं घर सारवायला ती माती खणून नेतात. शेजारच्या वावरातल्या बुढ्याने तुम्हाला सांगितलं की पटकीची साथ आली आणि गाव आठ दिवसांत उठलं, जो जिकडे वाट फुटली तिकडे गेला. गावात असेतो कोणी गावाचं नाव लावत नव्हतं. कशाला लावतील? गाव सोडून दुसरीकडे गेले तेव्हा तिथले लोक म्हणायला लागले, हे तमुक गावचे. "आपलं आडनाव म्हणजे गाव सोडल्याची खूण हाय," तुम्ही म्हणालात. मी दाराशी उभी राहून ऐकत होते, तुमच्याकडे न बघता. आईने विचारलं, ही माती टेकाडावरची का. तुम्ही म्हणालात, "नाई. आपले टेकाडावर कुठं राहत होते? खाली, ओढ्याच्या बाजूनं. तिथली आणली." ज्या गावाने वेशीच्या आत राहू दिलं नाही त्याचंच नाव आपण पिढ्यान् पिढ्या मिरवतो आहोत, याचं मला हसू आलं आणि रागही आला. आईने त्या मातीचं पोतेरं करून चूल सारवली. तेवढी एक दिवस चूल पांढरी दिसली.

आठ दिवसांनी आपण आसेगावला गेलो. मोठेबाबा खाटेवर, आणि तुम्ही दारातल्या त्या गोल दगडावर बसलात. घराच्या उंबऱ्याला पायरी म्हणून टाकलेली ती जुन्या जात्याची खालची तळी. वरची कधी कुणी पाहिली नव्हती. लहानपणी मी तिच्या मधल्या भोकात चिंचोके टाकून खेळायचे. मी चहा घेऊन दारात उभी होते.

"भेटलं गाव?" मोठेबाबांनी विचारलं.

"भेटलं. रीठ हाय आता." मग तुम्ही सगळं सांगितलंत, पटकी, उठून गेलेली माणसं, कारंज्याचा दुकानदार, आडनाव गावाचं आहे, रक्ताचं नाही. सगळं खरं होतं.

मोठेबाबा सावकाश विचार करणारे. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे थे केनवडवाले आपले कोणी नाईत?"

तुम्ही माझ्या हातातला कप घेतलात. प्यायला नाहीत, खाली ठेवलात, दगडावर. "नाई," तुम्ही म्हणालात.

"तू म्हणतं, मंग झालं," मोठेबाबा म्हणाले, आणि मला म्हणाले, "जाय वं, गूळ आण."

लग्नात सगळे आले. मोठेबाबा सगळ्यांच्या आधी मांडवात. आणि तुम्ही मला जातं दिलंत. नवंकोरं, कारंज्याच्या बाजारातून घेऊन बसच्या टपावर चढवलेलं. गिरण्या गावोगाव झाल्या होत्या, केनवडलाही होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "इवाई, कारंज्याची गिरणी बंद पडली का?" तुम्ही म्हणालात, "दळायले नाई देत. दोन्ही दगड संग राह्यले पाह्यजे, बस." लोकांना वाटलं, नवरा-बायकोबद्दल काही छान बोलले. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण दगड वेगळे पडले की काय होतं ते मला माहीत होतं आणि तुम्हाला ते माहीत नसणार अशी माझी समजूत होती.

तुम्ही गेल्यावर वही उघडली. सगळ्या गावांची नावं, घरं, फुल्या. शेवटच्या पानावर अक्षर सरळ होतं, म्हणजे बसमध्ये लिहिलेलं नाही. "केनवड. मागच्या अंगणात जात्याची वरची तळी. एकटीच. दोन विती. कडेला टाकीने कोरलेल्या तीन रेघा." खाली, "आसेगाव. उंबऱ्याची. दोन विती. तीन रेघा." आणि त्याखाली, बरीच जागा सोडून, "एकच घर. दोन भाऊ." पुढे काही नाही. तारीखही नाही, पण शाई तीच, ज्या शाईने रीठाचं पान लिहिलं आहे. म्हणजे दगडावर बसून नाही म्हणायच्या आधी तुम्ही तो मोजला होता. पुरावा भेटला तर नाही म्हणीन, असं म्हणणाऱ्या माणसाने पुरावा वहीत ठेवला, खाकी कोटाखाली, आणि पुढे वीस वर्षं तुम्ही केनवडला आलात की मागच्या अंगणात त्या दगडावर आपला टॉवेल पसरून बसलात. ते पान वाचून मी खूप रडले. आता त्याचं आतलं कारण सांगते.

तुम्ही भेटू नका म्हणाला होतात त्याच वर्षी मी केनवडला गेले होते. एका मैत्रिणीबरोबर, बाजाराच्या दिवशी, तहान लागल्याचं निमित्त करून. घरात त्याची, तुमच्या जावयांची, आजी होती. तिने माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं, तर तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "म्हणजे तू आमचीच. थोरल्याची." मग ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. दोन भाऊ होते, म्हणाली. पटकीत घरातले बाकीचे सगळे मेले. हे दोघं राह्यले अन् वाटेवर भांडले. "कायच्यावरून?" मी विचारलं. "कोणाले मालूम? दोघांपाशी एक जातं होतं. थे काई फोडता येत नाई, मंग वाटून घेतलं. थोरल्यानं खालचा दगड नेला, धाकट्यानं वरचा. एकाचंबी दळण झालं नाई." तो तिथेच उभा होता, बादली हातात घेऊन. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. "जाऊ दे," ती म्हणाली. "बुढी झाली मी. भलतंसलतं बोलतो." लग्नाआधीच ती गेली. पन्नास वर्षांत आम्ही दोघं त्या दगडाबद्दल एक शब्द बोललो नाही.

आणि बाबा, मी तो मोजला होता. दुपारी सगळे जेवत असताना, हात धुवायच्या निमित्ताने. दोन विती आणि तीन बोटं. पुढच्या आठवड्यात आसेगावला जाऊन उंबरा पुसायला बसले आणि तोही मोजला. दोन विती, तीन बोटं. रेघाही बघितल्या. तुम्ही तेव्हा अजून अकोल्याच्या कंडक्टरांना थांबे विचारत होता. मी त्याच दिवशी येऊन सांगितलं असतं तर शोध तिथेच संपला असता आणि माझं लग्नही. मी गप्प राहिले. मनात म्हटलं, बाबांना दगडाचं काय कळतंय, ते गाव शोधताहेत, शोधू देत. तुम्ही मोठेबाबांना "नाई" म्हणालात तेव्हा मला वाटलं, माझ्यामुळे माझा खरं बोलणारा बाप नकळत खोटा पडला. तुम्ही असेतो मी ते ओझं वाहिलं. आणि मग वही उघडून बघते तर तुम्ही ते कळूनसवरून उचललेलं.

परवा त्या फोनवरच्या गटात आसेगावच्या कुणीतरी उंबऱ्याच्या दगडाचा फोटो टाकला, जुनी आठवण म्हणून. लगेच पुतण्याने केनवडच्या अंगणातल्या दगडाचा टाकला, त्यावर हल्ली झेंडूची कुंडी असते. एकाखाली एक, दोन्ही फोटो. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी दिवसातून दहा वेळा बघते, अजून कुणाच्या लक्षात आलं नाही ना. नातीला सहज म्हणून विचारलं, असं-असं असतं तर? ती म्हणाली, "सात पिढ्यांपूर्वीचे भाऊ? मग काय झालं, आजी?" तिला खरंच काही झालेलं नाही. तुम्ही आणि मी ज्याच्यासाठी एकमेकांपासून इतकं लपवलं ते आता कुणाला हसण्याइतकंसुद्धा मोठं वाटत नाही. मोठेबाबा असते तर त्यांनाही आता वाटलं नसतं, कोण जाणे. पण तुमचा शब्द अजून चालतो. आसेगावात अजून म्हणतात, त्यानं भावाले सोडलं नाई. तो शब्द मला मोडू द्यायचा नाही, आणि आडनावाची गोष्टही खोटी छापून यायला नको.

म्हणून मी ते पान काढलं. शिवणीजवळून, ब्लेडने, सावकाश. बाकीची वही आज सकाळी पुतण्याच्या माणसाकडे दिली आणि सोबत माझ्या हाताने दोन पानं लिहून दिली. रीठ, पटकी, ओढ्याकडची वस्ती, दोन भाऊ, एक जातं, सगळं. दगड मी मोजले असं लिहिलं आहे, लग्नाआधी मोजले आणि कुणाला सांगितलं नाही, असंही. माप माझ्या हाताचं दिलं आहे, दोन विती, तीन बोटं. देण्याआधी तुमच्या जावयांना वाचून दाखवलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं केलं. आजीबी हेच सांगत होती." मग पुन्हा पेपर वर घेतला.

तुमचं पान या पत्राच्या घडीत घालते आहे आणि दोन्ही तुम्ही दिलेल्या जात्याच्या दोन दगडांमध्ये ठेवणार आहे. ते कधीच फिरवलं नाही, त्यामुळे आत काही दळलं जायची भीती नाही. माझ्या त्या दोन पानांत शेवटी एक वाक्य आहे: माझ्या वडिलांना हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. बाकी सगळं खरं आहे, तेवढं एक नाही. "नाई" म्हणताना तुम्हाला किती जड गेलं, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. मला हे वाक्य लिहिताना मुळीच जड गेलं नाही.